साखर नाही, पण गोड आहे! गुळातलं बेक्ड जांभूळ दही: रेसिपी, हिशोब आणि लेबलवरचा एक शब्द



साकोलीकडच्या एका बॅचमध्ये एका ताईंनी स्वतः बनवलेला कप आणला होता. वरून जांभळा, आतून मऊ, मलईदार. सगळ्यांनी चमच्या-चमच्याने चाखला आणि कप दोन मिनिटांत रिकामा झाला. मग ताईंनी विचारलं, "सर, यात साखरेचा एक दाणा नाही जी. गूळ टाकला आहे. मग डब्यावर शुगर फ्री लिवू ना?"

अर्ध्या वर्गाने मान डोलावली. मी म्हटलं, "ताई, तेवढे दोन शब्द सोडून बाकी सगळं लिहा."

व्हिडिओमध्ये आपण हा पदार्थ करून दाखवला. पण गूळ आणि साखरेचा विषय वेळेअभावी अर्धाच राहिला, आणि कॉस्टिंग स्क्रीनवरून पटकन निघून गेलं. म्हणून हा लेख. शेवटपर्यंत वाचा. रेसिपी कोणीही कॉपी करेल, तुमचा धंदा टिकेल तो शेवटच्या भागावर.

भंडाऱ्यात हाच पदार्थ का?

बेरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. चांगलीच आहे ती, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती महाबळेश्वरहून भंडाऱ्याला येईपर्यंत भाडं, नासाडी आणि मधले हात, तिन्ही वाढतात. आपल्या दारातली बेरी म्हणजे जांभूळ. पहिला पाऊस पडला की लाखनी, साकोली, पवनी, मोहाडी, कुठल्याही आठवडी बाजारात बाया टोपलं घेऊन बसलेल्या दिसतात. तलावाच्या पाळीवर, धुऱ्यावर झाडं आहेत. त्यातली कितीतरी जांभळं खाली पडून चिखलात जातात.

दूध आपल्याकडे आहे. तांदूळ तर आहेच, भंडारा म्हणजे धानाचाच जिल्हा. आणि साधारण ६० किलोमीटरवर नागपूरसारखं मोठं गिऱ्हाईक आहे. म्हणजे कच्चा माल घरचा, बाजार तासा-दीड तासावर.

पदार्थ नवीन वाटतो, पण बंगालमध्ये भापा दोई म्हणून घट्ट गोड दही वाफवतात. फ्रान्समध्ये चेरी टाकून क्लाफुटी भाजतात. आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का घरोघरी बांधला जातो. आपण चक्क्याला फक्त ओव्हन दाखवतोय, एवढंच.

साहित्य (साधारण १०० ग्रॅमचे १० कप)

- ताजा, आंबट नसलेला चक्का: ५०० ग्रॅम (साधारण दीड लिटर फुल क्रीम दुधाचं दही बांधून)
- फ्रेश क्रीम किंवा घरची ताजी साय: १०० ग्रॅम
- दूध: ६० मिली
- गूळ: १२० ग्रॅम, आणि तो विरघळवायला पाणी ४० मिली
- तांदळाचं बारीक पीठ: १० ग्रॅम
- जांभळाचा गर: १५० ग्रॅम (साधारण ३०० ग्रॅम पिकली जांभळं)
- गरासाठी गूळ: २० ग्रॅम
- वेलची, चिमूटभर मीठ

सगळं मिळून बरोबर १ किलोच्या आसपास भरतं. वजनकाटा वापरा. "अंदाजे" हा शब्द घरच्या स्वयंपाकात चालतो, धंद्यात नाही. आजचा कप आणि पुढच्या आठवड्याचा कप सारखाच लागला पाहिजे.

कृती: हाताचं काम २० मिनिटं, ओव्हनचं २५ ते ३०

१. जांभळं धुवा, बी काढा. गर स्टीलच्या पातेल्यात २० ग्रॅम गूळ आणि चिमूटभर मीठ टाकून मंद आचेवर ५ मिनिटं शिजवा, गार करा. लोखंडी कढई नको. जांभळातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की रंग काळपट होतो.

२. १२० ग्रॅम गूळ ४० मिली पाण्यात गरम करून विरघळवा, गाळा, पूर्ण गार करा. गाळणं टाळू नका. गुळात खडा, चिपाडाचा तुकडा निघतोच. एका गिऱ्हाइकाच्या दाताखाली खडा आला की ते दहा जणांना सांगतं.

३. तांदळाचं पीठ चाळून दुधात कालवा, १० मिनिटं भिजू द्या. मक्याचं पीठ मुद्दाम घेतलं नाही. तांदूळ घरचा आहे, आणि पीठ भिजलं की कचकच लागत नाही.

४. चक्का चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा. त्यात साय, गुळाचं पाणी, दुधातलं पीठ, वेलची घाला. हलक्या हाताने एकजीव करा. मिक्सर किंवा बीटर जोरात फिरवू नका, हवेचे बुडबुडे भाजताना वर येतात आणि पृष्ठभागावर भोकं पडतात.

५. मातीचे छोटे कप धुऊन, पूर्ण सुकवून घ्या. तळाला एक चमचा जांभूळ गर, वर मिश्रण, मग पुन्हा थोडा गर टाकून काडीने एकदाच फिरवा. पांढऱ्यावर जांभळी रेघ उठते, फोटोत तीच विकते.

६. ओव्हन आधी १० मिनिटं १५० अंश सेल्सियसवर गरम करा. कप खोल ट्रेमध्ये ठेवा, कपाच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओता, २५ ते ३० मिनिटं भाजा. कडा घट्ट आणि मधला भाग जरासा थरथरता असेल तेव्हाच बाहेर काढा. गार होताना तो बसतो.

७. बाहेर अर्धा-पाऊण तास, मग झाकण न लावता फ्रीजमध्ये ४ तास. पूर्ण थंड झाल्यावर झाकण. गरम असताना झाकलं तर वाफेचं पाणी वर पडतं.

ओव्हन नाही? कढईत पाणी, वर जाळी, कपांवर फॉईल, मंद आचेवर १८ ते २० मिनिटं वाफवा. छान होतं. फक्त मग लेबलवर "बेक्ड" लिहू नका, "वाफवलेलं" लिहा. पहिल्या २० ऑर्डरीपर्यंत नवीन ओव्हन घेऊ नका, हा माझा स्पष्ट सल्ला. आधी गिऱ्हाईक, मग मशीन.

कुठे बिघडतं?

*पाणी सुटलं.* आच जास्त झाली किंवा जास्त वेळ भाजलं. दह्यातली प्रथिनं आकसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. ट्रेमधलं पाणी यासाठीच आहे. पाणी उकळीच्या वर तापत नाही, म्हणून कपाला सौम्य उष्णता मिळते.

*दूध फाटलं.* गरम दुधात थेट गूळ टाकला असेल. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात, त्याने तापलेलं दूध फाटतं. गुळाच्या खिरीत आपण गूळ शेवटी का टाकतो, ते आठवा. चक्क्याला ही भीती नाही, कारण तो आधीच जमलेला आहे. गुळासाठी दह्याचा पदार्थ निवडला, त्याचं कारण हेच.

*रंग राखाडी झाला.* कोणीतरी खायचा सोडा टाकला. जांभळाचा रंग आंबट मिश्रणात जांभळा राहतो, सोड्यात बदलतो. या पदार्थात सोड्याचं काही काम नाही.

*तोंड तुरट झालं.* जांभळं कच्ची होती. हात लावल्यावर मऊ लागतील अशी, काळीभोर जांभळंच घ्या. स्वस्तात लाल-हिरवट माल घेतला तर गूळ वाढवावा लागतो, आणि वाचलेले पैसे तिथे जातात.

आता कॉस्टिंग. वही-पेन घ्या

खालचे भाव उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचा भाव टाकून पुन्हा मांडा.

- दूध दीड लिटर, ६० रुपये दराने: ९०
- क्रीम: ३०
- मिसळायचं दूध: ४
- गूळ १४० ग्रॅम: ९
- जांभळं ३०० ग्रॅम, १०० रुपये किलोने: ३०
- तांदूळ पीठ, वेलची, मीठ: ५
- मातीचा कप, झाकण, स्टिकर, ८ रुपये × १०: ८०
- गॅस-वीज: १२
- तुमची १ तासाची मजुरी: ६०

एकूण ३२० रुपये.

इथे बरेच लोक एक ओळ खोडतात, ती मजुरीची. "मी तर घरीच असते" असं म्हणून. ताई, तुम्ही घरी असता म्हणजे तुमचा तास फुकट आहे असं नाही. उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला कोणी ठेवावं लागलं, तर तिला ६० रुपये कुठून देणार?

कप १० होतात, पण विकायचे ९. एक कप राखीव नमुना म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचा, तारीख टाकून. कोणाची तक्रार आली तर त्याच बॅचचा कप उघडून बघता येतो. म्हणजे खर्च ३२० भागिले ९, साधारण ३५ रुपये ५० पैसे एका कपाला.

समजा किंमत ६० रुपये ठेवली आणि दुकानात माल ठेवला. दुकानदार २५ टक्के घेतो असं धरू, म्हणजे १५ रुपये. तुमच्या हातात ४५.

- ९ कप विकले: ४०५ रुपये आले, ८५ उरले.
- ८ विकले, १ परत आला: ३६० आले, ४० उरले.
- ७ विकले, २ परत आले: ३१५ आले. ५ रुपये घाटा.

पुन्हा वाचा. नऊपैकी फक्त दोन कप परत आले, तर तुम्ही तोट्यात. आणि यात पेट्रोल धरलेलंच नाही.

हेच ९ कप थेट गिऱ्हाइकाला ६० ला दिले तर ५४० येतात, २२० उरतात. म्हणून नाशवंत मालाचा नियम एकच: आधी ऑर्डर, मग उत्पादन. बुधवारी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्या, शुक्रवारी बनवा, शनिवारी पोचवा. शोकेसमध्ये माल सजवून वाट बघणं हा या पदार्थाचा धंदा नाही.

आता तो एक शब्द

परत साकोलीच्या ताईंच्या प्रश्नावर येऊ. साखर नाही, मग "शुगर फ्री" का नाही?

कारण गूळ हीसुद्धा साखरच आहे. उसाचा रस आटवला, मळीसकट ठेवला की गूळ. मळी काढून स्फटिक केले की साखर. गुळात थोडे खनिज क्षार राहतात, चव खोल असते, रंग येतो. पण त्याचा बहुतेक भाग साखरेचाच. आपल्या एका कपात १४ ग्रॅम गूळ आहे, म्हणजे साधारण १२ ते १३ ग्रॅम साखर. चहाच्या चमच्याने मोजली तर तीन चमचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. वरून घातलेली साखर, मध, पाक वगैरे मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरी धरल्या तर ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. आपला एकच कप त्याच्या निम्म्यापर्यंत जातो.

आता कायदा. एफएसएसएआयचे जाहिरात आणि दाव्यांविषयीचे नियम २०१८ चे आहेत. "शुगर फ्री" लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्या कपात नुसत्या गुळाचीच साखर त्याच्या वीस पटींहून जास्त आहे. "नो ॲडेड शुगर" लिहायचं तर कुठल्याही प्रकारची साखर, मध, मळी घालता येत नाही. आणि साखरेच्या बदली गोडीसाठी सुक्या फळांची पेस्टसुद्धा नाही. म्हणजे गूळ काढून खजूर टाकला तरी ते शब्द वापरता येत नाहीत. कंडेन्स्ड मिल्कचं तर बोलायलाच नको, त्यात साखर डब्यातूनच येते. कितीतरी "साखर न घालता" वाल्या रेसिपी तिथेच पडतात.

जांभळाचा आणखी एक मोह आहे. "जांभूळ मधुमेहाला चांगलं" हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग हात शिवशिवतो, डब्यावर लिहावं "मधुमेहींसाठी उत्तम". नका लिहू. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण दंड बाजूला ठेवा. तो डबा उचलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. भंडाऱ्याच्या एखाद्या दुकानात एक मुलगा येतो. घरी वडिलांना डायबिटीस आहे. ते वर्षभर गोडाला हात लावत नाहीत. "शुगर फ्री" वाचून तो खुश होतो, दोन कप घेतो. वडील विश्वासाने दोन्ही खातात. सहा चमचे साखर पोटात गेली, आणि ती तुमच्या शब्दामुळे गेली. त्यांनी साखर तपासली की आकडा दिसेल. तुमचं नाव त्या घरात पुन्हा कधी निघणार नाही, निघालं तर शिवी म्हणून.

मग लिहायचं काय? खरं तेच, आणि ठसठशीत:

गुळातलं बेक्ड जांभूळ दही. एका कपात १४ ग्रॅम गूळ.

बस. ज्याला पांढरी साखर नको, पण गूळ चालतो, तो हे वाचून घेईल. ज्याला गूळही नको, तो बाजूला ठेवेल. दोघेही तुमच्यावर विश्वास ठेवतील. पुढच्या वेळी तुम्ही "ताजं आहे" म्हणालात तर ते मानतील, कारण गुळाबद्दल तुम्ही लपवलं नव्हतं. लहान उद्योजकाकडे जाहिरातीचं बजेट नसतं. त्याचं भांडवल हेच.

लेबलवर बाकी काय हवं?

- पदार्थाचं नाव आणि शाकाहारी चिन्ह (हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका)
- घटक, जास्त वजनाचा आधी: चक्का, जांभूळ गर, गूळ, क्रीम, दूध, पाणी, तांदळाचं पीठ, मीठ, वेलची
- "यात दूध आहे" ही ॲलर्जीची सूचना
- निव्वळ वजन. मातीचा कप ओल शोषतो आणि भाजताना वाफ जाते, म्हणून थंड झालेल्या कपातला पदार्थ मोजा आणि सगळ्यात कमी भरलेलं वजन लिहा
- बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, "फ्रीजमध्ये ठेवा"
- तुमचा पत्ता आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक

घरगुती उद्योगालाही एफएसएसएआय नोंदणी लागते. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरता येतो. सध्याची फी आणि मर्यादा तिथेच बघा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. पोषणमूल्यांचा तक्ता तुमच्या पॅकिंगला लागू आहे का, तेही नोंदणी करताना विचारून घ्या. यंत्रासाठी कर्ज घ्यायचं असेल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेची सध्याची स्थिती कृषी विभागाच्या कार्यालयात विचारा. पण पुन्हा सांगतो, २० ऑर्डरींनंतर.

तुमचे नेहमीचे प्रश्न

*किती दिवस टिकतं?* सुरुवातीला ३ दिवस, तेही कायम फ्रीजमध्ये. लाईन जाऊन फ्रीज तासन्‌तास बंद राहिला तर तो माल विकायचा नाही. नागपूरला पाठवायचं तर आइस बॉक्स आणि जेल पॅक हवेतच. त्याचा खर्च किमतीत धरा.

*सीझन संपल्यावर?* जांभूळ महिना-दीड महिन्याचं. गर काढून २५०-२५० ग्रॅमच्या पाकिटांत, तारीख टाकून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत स्ट्रॉबेरी घेता येते, मग किंमत वेगळी मांडा. सीताफळ मात्र या कृतीत नको, गरम केलं की कडवट होतं.

*मोहफुलाच्या पाकाने गोडी आणली तर?* कल्पना आपल्या मातीतली आहे, पण वास तीव्र असतो, थोड्या प्रमाणात करून बघा. मोहफुलांच्या साठ्याबाबत राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधी चौकशी करा. आणि तीही साखरच, लेबलचा नियम तोच.

*गूळ कमी केला तर?* जरूर करा. १२० चा १०० करून बघा, मग ८०. पाच जणांना न सांगता दोन्ही कप द्या. फरक कळला नाही तर कमी गुळाचा ठेवा. खर्चही उतरतो, आणि लेबलवरचा आकडाही.

या आठवड्याचं काम

१. एकच बॅच करा, १० कप. विकू नका.
२. ३ कप ओळखीच्यांना, ३ अनोळखी लोकांना द्या. "कसं आहे?" विचारू नका, "किती रुपये द्याल?" विचारा.
३. ३ कप फ्रीजमध्ये ठेवा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी एकेक उघडा. वास, पाणी, चव वहीत लिहा.
४. दहावा कप तुमचा. तो शांत बसून खा, आणि स्वतःला विचारा: हे लेबल वाचून मी माझ्या वडिलांना हा कप देईन का?

उत्तर हो असेल तर पुढच्या बुधवारी ऑर्डर घ्यायला सुरुवात करा. तुमचं कॉस्टिंग व्हिडिओखाली टाका, मजुरीच्या ओळीसकट. ती ओळ नसेल तर मी पहिला प्रश्न तोच विचारणार!

भेटूया पुढच्या भागात. जय महाराष्ट्र!